एकतीस नंबर हजर

आमच्या सरांना चेहरे ओळखू यायचे नाहीत. म्हणजे नजर वाईट होती असं नाही. फळ्यावरची खडूची रेघ एका केसाएवढी वाकडी असली तरी त्यांना खपत नसे. पण माणूस समोर उभा राहिला की त्यांच्या तोंडावर, स्टेशनात चुकीच्या फलाटावर आलेल्या प्रवाशासारखा, एक भाव यायचा. मग ते म्हणायचे, "जरा काहीतरी बोला."

भाजीच्या गाडीपाशी कुणी नमस्कार केला तरी हेच. समोरचा गोंधळून "काय बोलू सर?" म्हणायचा, की सरांचा चेहरा उजळायचा. "झालं, ओळखलं." एका लग्नात त्यांच्या बायकोनं आणि मेहुणीनं एकाच रंगाच्या साड्या नेसल्या होत्या. सर दहा मिनिटं मेहुणीला घराचे पडदे बदलायचे की नाही ते विचारत होते. मेहुणीही भली, तिनं बदलायला सांगितले. हे आम्हाला सरांनीच वर्गात सांगितलं, ध्वनीचा धडा शिकवताना, उदाहरण म्हणून. पडदे बदलले होते.

गोडादऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत ते नववीला विज्ञान शिकवायचे आणि आमचे वर्गशिक्षकही तेच होते. मूळचे साताऱ्याकडचे, पण सुरतेत इतकी वर्षं झाली होती की रागावले की गुजरातीत रागवायचे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, त्यामुळं आमच्या वर्गात कुठलाही धडा खडखडाटाच्या साथीनंच व्हायचा. बाकीचे मास्तर खिडक्या लावून घेत. सर उघडत. ते म्हणत, "आवाज आहे म्हणून तर शिकता येतंय."

त्यांच्याकडं एक जुना लॅपटॉप होता. त्याची एक बिजागरी तुटलेली, म्हणून पडदा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला. त्याला एक माईक जोडलेला असे, त्यावर लहान मुलाचा मोजा चढवलेला. लॅपटॉपमध्ये स्पेक्ट्रम अॅनलायझर नावाची एक गोष्ट होती. माईकसमोर बोललं की पडद्यावर हिरवी टेकाडं उठायची. जाड आवाज डावीकडं, बारीक आवाज उजवीकडं, आणि जिथं जोर जास्त तिथलं टेकाड उंच. सरांच्या मते जगात खरं एवढंच होतं. "कान ओळखीच्या माणसाची बाजू घेतो," ते म्हणत, "पडदा कुणाची बाजू घेत नाही."

ध्वनीचा धडा पुस्तकात एकच होता. सरांनी तो जूनमध्ये सुरू केला आणि दिवाळीपर्यंत चालवला. गती, बल, कार्य आणि ऊर्जा हे सगळं मिळून आठ दिवसांत उरकलं.

उन्हाळ्यात त्यांनी माठ घेतला तेव्हा मी आणि माझा मित्र भटू योगायोगानं तिथंच होतो. रस्त्याच्या कडेला मडकी मांडून एक म्हातारी बसली होती. सरांनी लॅपटॉप स्कूटरच्या सीटवर उघडला आणि एकेक माठ वाजवून बघायला लागले. पाचव्या माठानंतर म्हातारी पदराआड हसायला लागली. अकराव्याला तिनं विचारलं, "साहेब, लेवुं छे के खाली सांभळवुं छे?" म्हणजे घ्यायचाय की नुसता ऐकायचाय. सरांनी तिलाही पडदा दाखवला, एक उंच आणि बाजूला अगदी सारख्या अंतरावर तीन लहान अशी टेकाडं. म्हातारीनं मान डोलावली आणि तो माठ बांधून दिला. तो गळका निघाला. पुढं वर्गात कुणीतरी आगाऊपणानं विचारलं, तर सर म्हणाले, "गळतो, पण स्वर शुद्ध आहे." आणि त्यांनी तो टाकला नाही. त्यात कांदे ठेवले.

त्यांच्या इमारतीत चार स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच मोरीच्या बोळात उघडायच्या, त्यामुळं कुकरची शिट्टी नक्की कुणाची ते कळायचं नाही आणि चार घरांत मिळून रोज कुणाचा तरी भात कच्चा राहायचा. सरांनी चारही शिट्ट्या पडद्यावर पाहून घेतल्या, प्रत्येकीचा आकडा काढला आणि जिन्यात कागद चिकटवला. बायकांनी तो श्रद्धेनं वाचला. पण शिट्टी झाल्यावर तिचा आकडा कळायला लॅपटॉप लागायचा, आणि तो शाळेत. शेवटी सरांच्या बायकोनं कुकरवर दुसरी, भसाड्या आवाजाची शिट्टी बसवली. भात वेळेवर व्हायला लागला, पण सरांना ते आवडलं नाही. यात अभ्यास काही नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता हजेरीबद्दल. आमच्या वर्गात सत्तर पोरं होती आणि दर दिवशी दहा-बारा तरी गायब असत. कुणी बापाला डबा द्यायला गेलेला, कुणी क्रिकेटला, कुणी नुसताच. त्यांची हजेरी भटू लावायचा. भटू अकरा आवाजांत "हजर" म्हणू शकायचा, त्यात दोन मुलींचे. ही गोष्ट सरांच्या कानावर गेली तेव्हा आम्हाला वाटलं आता मार बसणार. पण सर इतके खूश झाले की त्यांना मधल्या सुट्टीतला चहाही आठवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येकाला एकेक करून माईकसमोर बोलावलं, "हजर" म्हणायला लावलं आणि सत्तरच्या सत्तर टेकाडांची चित्रं जपून ठेवली. जुलैपासून हजेरी अशी व्हायची: सर नंबर पुकारणार, माईक त्या बाकाकडं वळवणार, आम्ही "हजर" म्हणणार, सर वर न बघता पडदा बघणार, चित्र जुळलं की खूण करणार. पहिला तास त्यातच जायचा. पण भटूची विद्या बुडाली हे खरं. तो महिनाभर उदास होता.

माझा नंबर एकतीस.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी सरांनी एकतीस पुकारला, मी उठलो, तोंड उघडलं आणि आतून दुसरंच कुणीतरी बोललं. सुट्टीत माझा आवाज जरा खरखरत होता, पण घरी आम्ही ते फटाक्यांच्या धुरावर ढकललं होतं. सरांनी पडदा पाहिला. पुन्हा पाहिला. "हा एकतीस नाही," ते म्हणाले. "एकतीसची हजेरी कोण लावतोय?"

मी म्हणालो, "सर, मीच आहे." त्यातलं "सर" जाड निघालं आणि "मीच आहे" बारीक. वर्ग हसला. सर गंभीर झाले.

"दोघं मिळून लावतायत," ते म्हणाले, आणि माझ्या नावापुढं गैरहजेरी मांडली.

मी पहिल्या बाकावर बसायचो. सरांच्या टेबलापासून चार हातांवर. तिथं बसून मी नऊ दिवस गैरहजर राहिलो. प्रश्न विचारला तर हात वर करायचो, पण सरांच्या लेखी तो हात माझा नव्हता. त्यांनी माझा नवा आवाज सत्तरही चित्रांशी ताडून पाहिला, कुणाशीच जुळला नाही. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की शाळेत रोज बाहेरचा मुलगा येऊन बसतो. तसं त्यांनी मोठ्या बाईंना लेखी कळवलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना सातशे मुलं, त्या कुणाकुणाला ओळखणार. त्यांनी शिपायाला फाटकावर बसवलं. शिपाई मला चांगला ओळखायचा. रोज सकाळी तो मला हळूच विचारायचा, "बेटा, कोई बहारनो छोकरो जोयो?" मी मान हलवून नाही म्हणायचो आणि आत जाऊन तो मुलगा व्हायचो.

मराठीच्या बाईंनी सरांना सांगून पाहिलं की हा रोज येतो, माझ्या तासाला कविता म्हणतो. सरांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही त्याला कशावरून ओळखता?" बाई म्हणाल्या, चेहऱ्यावरून. "मग झालं," सर म्हणाले, जसं काही त्यांचंच म्हणणं सिद्ध झालं.

हे सगळं हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नसत. आणि आमचे आप्पा, म्हणजे वडील, त्यांनी नववीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की शाळेत मन नसेल तर कडोदऱ्याला काकाकडं लूमवर लागायचं, तिथं पोरांची गरजच आहे. माझा चुलतभाऊ लागलाही होता. त्याला दोन वर्षांत कमी ऐकू यायला लागलं होतं.

दहाव्या दिवशी भटू म्हणाला, तुझा जुना आवाज माझ्याकडं आहे. तो खरंच त्याच्याकडं होता. सरांनी एकतीस पुकारल्यावर मी नुसते ओठ हलवले आणि माझ्या पाठीमागच्याच बाकावरून भटूनं माझ्या दिवाळीआधीच्या आवाजात "हजर" म्हटलं. सरांनी पडद्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला लाज वाटली.

"आलास का रे एकतीस," ते म्हणाले. "बरं वाटतंय का आता?"

"हो सर," भटू म्हणाला.

खोटी हजेरी पकडायला आणलेल्या यंत्रानं खरी नाकारली आणि खोटी घेतली. तीन दिवस असं चाललं. अडचण एवढीच झाली की सरांना माझी काळजी वाटायला लागली होती, त्यामुळं ते मलाच प्रश्न विचारायचे. उत्तर मला यायचं, भटूला नाही. मी मान मागं वळवून कुजबुजायचो, भटू माझ्या आवाजात सांगायचा, आणि लूमच्या खडखडाटात अर्धं ऐकू येऊन अर्धं स्वतःचं घालायचा. हवेतला ध्वनीचा वेग त्यानं माझ्या नावावर बत्तीस किलोमीटर सांगितला. सर हळहळले. आजारपणानं पोरगं मागं पडलं, असं ते स्टाफरूममध्ये म्हणाल्याचं कळलं.

चौथ्या दिवशी भटू घाईत होता. त्यानं माझी हजेरी लावली आणि त्याच आवाजात स्वतःचीही लावली. सर उठले, लॅपटॉप तसाच हातात घेऊन भटूच्या बाकापर्यंत चालत गेले, माईकची वायर पोरांच्या डोक्यांवरून ओढत. सगळं बाहेर पडलं. भटूनं कबूल केलं, मीही केलं, पण मी बोललो की ते कबूल करणारा मी नाही, असंच पडदा सांगायचा. त्या संध्याकाळी घरी चिठ्ठी गेली.

माझ्या मायला वाचता येत नव्हतं. ती दाराशी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापायचं काम करायची, मांडीवर साडी, तोंडात धागा. चिठ्ठी मीच वाचून दाखवली. आपला पाल्य दिवाळीनंतर शाळेत आलेला नाही, त्याच्या जागी दुसराच कुणी येऊन बसतो, तरी पालकांनी भेटावं. वाचताना माझा आवाज दोनदा फाटला. मायनं कात्री खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "मंग तू कोन शे?"

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून शाळेत आली. मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवलेला, एका बाजूला सर, एका बाजूला माय, मध्ये मी. सरांनी मायला माझं जूनमधलं चित्र दाखवलं आणि मग मला बोलायला लावून आजचं दाखवलं. फार सभ्यपणे, एखादा डॉक्टर वाईट बातमी सांगतो तसे, ते म्हणाले, "ताई, हा तुमचा मुलगा नाही."

"मनाच शे," माय म्हणाली. "मी वळखस."

सरांनी तिलाही विचारलं, कशावरून. मला वाटलं आता ती चेहरा म्हणणार आणि सगळं संपणार. पण मायनं चेहऱ्याचं नावच घेतलं नाही. तिनं सांगितलं की महिनाभर झाला, पोरानं दारातून हाक मारली की ती चुलीकडं उठते आणि चहा ठेवते. चहाला उकळी आल्यावर कळतं की आप्पा नाहीत, पोर आहे. महिनाभर साखर फुकट जाते आहे.

सरांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेतला. मग म्हणाले, "वडिलांचा आवाज मिळेल का?"

आप्पा दिवसपाळीत होते. मायनं फोन लावला, सरांनी तो स्पीकरवर टाकून माईकच्या मोज्याशी धरला. पलीकडं शंभर लूम चालू होते. पडद्यावर टेकाडं उठलीच नाहीत, डावीकडून उजवीकडं एक सबंध हिरवी भिंत उभी राहिली. त्यातून आप्पा ओरडत होते, "काय व्हयनं? काय व्हयनं?"

सरांनी आपली ओळख दिली आणि म्हणाले, "एकदा हजर म्हणा."

"कोन बोली राह्यनं?"

"हजर म्हणा, हजर."

आप्पांना वाटलं त्यांच्याच हजेरीवर कुणीतरी हरकत घेतली आहे. ते चिडले. मी सकाळधरनं कामावर हजर आहे, मुकादमाला विचारा, काल हजर, परवा हजर. त्या एका वाक्यात त्यांनी तो शब्द तीन वेळा म्हटला आणि फोन ठेवला. सरांना हवं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं.

त्यांनी पडदा तिथंच थांबवला. भिंतीच्या डाव्या टोकाला, भिंतीच्या वर, दोन टेकाडं डोकावत होती. मग त्यांनी मला "हजर" म्हणायला लावलं आणि माझं चित्र त्यांच्यावर ठेवलं. दोन्ही टेकाडं जिथल्या तिथं बसली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"हा वडिलांवर गेलाय," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे मुलगा तोच ना?"

"तोच आहे," सर म्हणाले. "पण नवीन आहे."

त्याच दिवशी त्यांनी हजेरीपटावरच्या माझ्या गैरहजेऱ्या लाल शाईनं खोडून प्रत्येकीशेजारी सही केली. मग मला प्रयोगशाळेत बोलावलं. मला वाटलं भटूच्या भानगडीबद्दल आता बोलणी बसणार. सर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला लहानपणापासून चेहरे राहत नाहीत रे. म्हणून मी आवाज धरून बसलो. पोरांचे आवाज फुटतात हे मला माहीत आहे, मीच शिकवतो. पण शिकवलेलं माझ्याच वर्गात होईल, हे काही ध्यानात आलं नाही." एवढं बोलून त्यांनी माझं नवं चित्र जुन्याशेजारी जपून ठेवलं. पुढं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सगळ्यांचे आवाज नव्यानं घेऊ लागले. कुणाचं टेकाड डावीकडं सरकलं की वर्ग टाळ्या वाजवायचा. ज्यांची सरकत नव्हती ती पोरं घरी थंड पाणी पिऊन पाहायची.

आप्पा दोन दिवसांनी शाळेत आले. शाळेची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते, आणि तेही माझ्या अभ्यासाची चौकशी करायला नव्हे. आपण कामावर नव्हतो असं कुणी सांगितलं, ते विचारायला. केसांत सुताचा भुगा तसाच होता. सरांनी त्यांना, "जरा काहीतरी बोला," म्हटलं, ओळखलं आणि खुर्ची दिली. मग फोनवरचं ते चित्र दाखवलं. आप्पा वाकून बघत राहिले. ही भिंत कसली, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, तुमचे लूम. आणि ही दोन वरची? आप्पांनी विचारलं.

"ते तुम्ही."

आप्पांनी पडद्याजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. वीस वर्षं त्या आवाजात ते घसा फोडून ओरडत आले होते, तरी शेजारच्या माणसालाही खुणेनंच कळायचं. "एवढामा बी मी दिसी राह्यनू?" त्यांनी विचारलं.

"एकशे पंधराला," सर पहिल्या टेकाडाखालचा कंपनांचा आकडा दाखवत म्हणाले.

कडोदऱ्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. निघायला जागाच नव्हती, कारण आप्पा आठवडाभर दुसरं काही बोलतच नव्हते. चहाच्या टपरीवर, पाळी बदलताना, मुकादमाला, कारखान्यातल्या मास्तरला, ज्याला त्याला ते सांगायचे, "मना एकशे पंधरा शे. तुमना कितला?" कुणालाच आपला आकडा माहीत नव्हता, आणि माहीत नाही हे हळूहळू त्यांना खटकायला लागलं.

शनिवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या फाटकाशी आप्पांच्या मागोमाग सातआठ कामगार येऊन उभे राहिले. खानदेशातले, दोघं ओडिशाचे, एक बारडोलीकडचा. सरांनी लॅपटॉप भिंतीच्या कठड्यावर मांडला आणि एकेकाला पुढं घेतलं. तपासायला त्यांच्याकडं एकच शब्द होता, त्यामुळं जो येईल तो मोज्यासमोर वाकून "हजर" म्हणायचा आणि सर कागदाच्या कपट्यावर आकडा लिहून द्यायचे. कपटा खिशात जायचा. आम्ही पोरं खिडकीत लटकून बघत होतो.

त्यांतला एक जण इतक्या जोरात ओरडला की पडदा नुसता हिरवा झाला. सर म्हणाले, असं नाही, नेहमीसारखं बोला. त्यानं गोंधळून आप्पांकडं पाहिलं. नेहमी तो असाच बोलायचा.

"घरी बोलता तसं," सर म्हणाले.

तो उभाच राहिला. मान खाली घालून जरासा हसला, मागं कुणी ऐकत तर नाही ना ते वळून पाहिलं. मग मोज्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन, आम्हाला खिडकीत ऐकूही आलं नाही इतक्या हळू, तो हजर म्हणाला.